खुनी सापडण्याआधीचे शंभर दिवस

२२ जून १८९७ची रात्र. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली म्हणून गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावर मेजवानी होती. आसपासच्या टेकड्यांवर जाळ पेटवले होते, आतषबाजी चालली होती. मध्यरात्रीच्या सुमारास पाहुण्यांच्या गाड्या एकेक करून फाटकाबाहेर पडू लागल्या. त्यांतल्या एका गाडीत पुण्याच्या प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड होते. कोणीतरी मागून त्या गाडीवर चढले आणि गोळी झाडली. दुसऱ्या एका गाडीत लेफ्टनंट आयर्स्ट आपल्या पत्नीसह होते. त्यांनाही गोळी लागली आणि ते जागीच गेले. रँड यांना ससून रुग्णालयात नेले. तिथे अकरा दिवस झुंजून ३ जुलैला त्यांनी प्राण सोडला. मारेकरी अंधारात नाहीसे झाले.

पुढची हकीकत महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनाही माहीत आहे. चिंचवडचे चापेकर बंधू, ‘गोंद्या आला रे’ ही खुणेची हाक, द्रविडांची फितुरी, येरवड्याचा फास. शेवट माहीत असल्यामुळे त्या हकिकतीतला एक मोठा तुकडा मात्र नजरेआड होतो. गोळ्या झाडल्या गेल्या २२ जूनला आणि दामोदर चापेकरचा जबाब नोंदवला गेला ८ ऑक्टोबरला. मधले शंभराहून अधिक दिवस खून कोणी केला हे सरकारला माहीत नव्हते, वर्तमानपत्रांना माहीत नव्हते आणि पुण्यालाही माहीत नव्हते. तरीही त्याच दिवसांत दोन सरदार बिनचौकशी तुरुंगात गेले, एक संपादक राजद्रोही ठरला, आणखी संपादकांवर खटले झाले, एका तरुण पुढाऱ्याला जाहीर माफी मागावी लागली आणि एका अख्ख्या शहराच्या डोक्यावर शिक्षेचे पोलीस बसले.

हे सगळे कोणत्या हवेत घडले ते आधी पाहायला हवे. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे असलेले डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांतच त्याने पुणे गाठले. आजार खरोखर भयंकर होता. औषध नव्हते, आणि तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे अजून ठरायचे होते. फेब्रुवारी १८९७मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि त्यातले अफाट अधिकार घेऊन रँड पुण्यात आले. साताऱ्याकडे असिस्टंट कलेक्टर असताना वाईच्या मिरवणुकीच्या प्रकरणात प्रतिष्ठित गृहस्थांना तुरुंगात धाडणारा अधिकारी म्हणून त्यांचे नाव आधीच कडू झाले होते. कर्नल फिलिप्स आणि सर्जन-कॅप्टन बेव्हरिज हे समितीतले त्यांचे जोडीदार होते. १३ मार्चपासून १९ मेपर्यंत गोऱ्या सोजिरांच्या तुकड्यांनी घरोघर झडत्या घेतल्या. रोगी इस्पितळात, घरचे लोक विलगीकरणाच्या छावणीत आणि सामान आगीत, असा क्रम होता. बूट घालून देवघरात आणि स्वयंपाकघरात शिरणे, बायकांची चारचौघांत तपासणी, वस्तू गहाळ होणे अशा तक्रारी रोज येत होत्या. बाळासाहेब नातूंसारखे सरदार त्या तक्रारी लेखी कळवत होते. ‘केसरी’चे संपादक टिळक प्लेगच्या काळात शहर सोडून गेले नाहीत. हिंदूंसाठी वेगळे प्लेग इस्पितळ काढण्यात त्यांचा पुढाकार होता आणि झडत्यांच्या पद्धतीवर ‘केसरी’त ते कडक लिहीत होते.

तेव्हा राग सगळ्या शहराला होता, आणि तपासाची खरी अडचण हीच होती. हेतू सापडला की आरोपी जवळ येतो, हा पोलिसांचा नेहमीचा अनुभव. इथे हेतू लाखभर लोकांपाशी होता. तो धरून कोणत्याही एका घरापर्यंत पोचता येत नव्हते.

पोलीस पोचू शकले नाहीत तिथे वर्तमानपत्रे मात्र दोन-चार दिवसांत पोचली. मुंबईची ‘टाइम्स ऑफ इंडिया’ आणि ‘बॉम्बे गॅझेट’, अलाहाबादचे ‘पायोनियर’ आणि खुद्द लंडनची पत्रे यांचा सूर एकच होता. हा पुण्याच्या ब्राह्मणांचा कट आहे, आणि त्याला चिथावणी दिली ती मराठी वर्तमानपत्रांनी. आधाराला १५ जूनचा ‘केसरी’ पुढे केला गेला. त्या अंकात ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता होती आणि शिवराज्याभिषेक उत्सवातल्या भाषणांचा वृत्तान्त होता. प्राध्यापक भानू अफझलखानाच्या वधावर बोलले होते, अध्यक्षस्थानावरून टिळकही त्याच विषयावर बोलले होते. पंधराला अंक, बाविसाला खून. या सात दिवसांच्या अंतरालाच पुरावा मानले गेले. तो अंक खुन्यांनी वाचला होता का, वाचला असला तरी बेत त्याआधी ठरला होता की नंतर, हे विचारण्यासाठी खुनी कोण हे आधी कळायला हवे होते. तेवढे थांबायला कोणी तयार नव्हते.

सरकारही थांबले नाही. पुण्याचे कलेक्टर लॅम यांनी शहरातल्या प्रमुख मंडळींना बोलावून ताकीद दिली. जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च पुणेकरांवर टाकला. मारेकऱ्यांचा पत्ता देणाऱ्याला वीस हजारांचे बक्षीस जाहीर झाले. त्या काळात ही रक्कम म्हणजे एका कुटुंबाच्या दोन पिढ्यांची ददात मिटवणारी होती. बक्षीस लावले याचा अर्थ गुन्हेगार माहीत नाही अशी सरकारचीच कबुली होती. जादा पोलीस बसवले याचा अर्थ गुन्हेगार माहीत आहे आणि तो म्हणजे हे शहर, असा होता. या दोन गोष्टी एकाच सरकारने एकाच वेळी केल्या, आणि त्यांतली विसंगती वरिष्ठांपैकी कोणाला जाणवल्याचे दिसत नाही.

‘केसरी’ने खुनाबद्दल खेद व्यक्त केला. मात्र ६ जुलैच्या अंकात ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा अग्रलेख आला आणि पुढच्या आठवड्यात ‘राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे’ हा दुसरा. या दोन्ही मथळ्यांची आजवर एवढी वाहवा झाली आहे की त्यांमागचा युक्तिवाद झाकला जातो. गुन्हा करणारा सापडत नाही म्हणून सगळ्या समाजाला गुन्हेगार धरता येणार नाही, हे म्हणणे कोणत्याही सरकारी वकिलाने मान्य करावे इतके साधे होते. पण देशी पत्रांच्या बाजूलाही एक घाई होतीच. हे एखाद्या माथेफिरूचे एकट्याचे कृत्य असावे, त्यामागे कट वगैरे काही नाही, असा सूर तिकडून निघत होता. तोही अंदाजच होता आणि अर्धा चुकीचा होता. माथेफिरू एकटा नव्हता. तालमीच्या निमित्ताने जमलेली तरुणांची एक छोटी टोळी होती. म्हणजे अँग्लो-इंडियन पत्रांना दिसत होता तेवढा अवाढव्य कट नव्हता, आणि मराठी पत्रे म्हणत होती तसा एकच वेडा पीरही नव्हता.

प्रत्यक्ष तपास या साऱ्या गदारोळाखाली आपल्या संथ गतीने चालला होता. त्यासाठी ब्रुइन नावाचे पोलीस अधिकारी मुद्दाम नेमले होते. त्यांना चांगले मराठी येत होते. अग्रलेखांची भाषांतरे चाळत बसण्यापेक्षा ते पेठांतून, आखाड्यांतून आणि तुरुंगातून माहिती गोळा करत होते. अखेर धागा हाती आला तो याच वाटेने. जुलैमध्ये मात्र मुंबईच्या सचिवालयाला ब्रुइन यांच्या धाग्याची वाट पाहवत नव्हती.

२८ जुलैला सरदार बाळासाहेब आणि तात्यासाहेब नातू या भावांना उचलले. त्यासाठी १८२७ सालचे पंचविसावे रेग्युलेशन बाहेर काढले गेले. पेशवाई बुडून दहा वर्षेही झाली नव्हती तेव्हाचा हा कायदा. राज्याच्या हितासाठी एखाद्याला चौकशीशिवाय अटकेत ठेवण्याची आणि त्याची मालमत्ता ताब्यात घेण्याची मुभा तो सरकारला देत होता. आरोपपत्र द्यावे लागत नव्हते, साक्षीदार आणावा लागत नव्हता, मुदत सांगावी लागत नव्हती. नातूंवर आरोप काय, हे ब्रिटिश पार्लमेंटात अनेकदा विचारले गेले. त्याचे सरळ उत्तर कधीच मिळाले नाही. दामोदरचा जबाब झाला, त्याला फाशी झाली, तरी नातू बंदिवासातच राहिले आणि सुटले ते १८९९मध्ये. त्यांच्यावर खटला झालाच नाही, म्हणून ते निर्दोष ठरण्याची वेळही आली नाही. या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोठा अन्याय कोणावर झाला असे विचारले, तर टिळकांचे नाव ओठावर येते. टिळकांना निदान कोर्ट मिळाले, वकील मिळाला, बोलायला जागा मिळाली. नातूंना यांतले काहीच मिळाले नाही.

याच दिवसांत हजारो मैलांवर एक वेगळीच परीक्षा चालू होती. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा एकतीस वर्षांचे होते. हिंदुस्थानच्या खर्चाची तपासणी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले होते आणि त्यांच्या साक्षीची वाखाणणी झाली होती. पुण्याच्या मित्रांची पत्रे त्यांना येत होती. प्लेगच्या इस्पितळातल्या गैरव्यवस्थेबद्दल पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ला लिहिलेले पत्रही त्यांच्या हाताशी होते. पत्रांमधली एक गोष्ट भयानक होती. सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीने जीव दिला, असे त्यांना कळवले होते. जुलैच्या आरंभी ‘मँचेस्टर गार्डियन’ला दिलेल्या मुलाखतीत गोखल्यांनी ते सांगून टाकले. रँड तेव्हा ससूनमध्ये शेवटच्या घटका मोजत होते.

इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. पार्लमेंटात प्रश्न झाले. भारतमंत्री जॉर्ज हॅमिल्टन यांनी मुंबईला तार केली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी पुण्यातल्या प्रतिष्ठितांकडे विचारणा करवली आणि हा द्वेषातून रचलेला बनाव आहे असे कळवले. गोखल्यांनी चौकशीचे आव्हान दिले आणि पुरावा गोळा करण्यासाठी ते मायदेशी निघाले. ३० जुलैला बोट मुंबईला लागली तेव्हा टिळकांना अटक होऊन तीन दिवस झाले होते, नातूंना दोन. मुंबईचे पोलीस कमिशनर व्हिन्सेंट यांनी बोटीवरच गोखल्यांना गाठले आणि माहिती कोणी दिली ते विचारले. गोखल्यांनी नावे सांगितली नाहीत. ज्यांनी पत्रे लिहिली होती त्यांच्यापैकी पुढे येऊन साक्ष द्यायला कोणीही तयार नव्हते. शहरात धरपकड चालू असताना ती अपेक्षा करणेही अवघड होते.

४ ऑगस्टला गोखल्यांची जाहीर माफी प्रसिद्ध झाली. दोन स्त्रियांबद्दलचा आरोप त्यांनी मागे घेतला, आणि तेवढ्यावर न थांबता गव्हर्नरांची, प्लेग समितीच्या सदस्यांची आणि झडत्या घेणाऱ्या सोजिरांचीही बिनशर्त क्षमा मागितली. पुण्यात त्यांच्यावर भेकडपणाचा शिक्का बसला. इंग्रजी पत्रांनी त्यांना खोटारडे म्हटले. त्या वर्षीच्या डिसेंबरात अमरावतीला काँग्रेस भरली. तिथे टिळकांसाठी आणि नातूंसाठी सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी भाषण केले, टाळ्यांनी मंडप दणाणला. गोखल्यांना मात्र तिथे कोणी व्यासपीठावर बोलावले नाही.

या माफीबद्दल मराठीत शंभर वर्षे वाद चालला आहे. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. सिद्ध करता येत नाही तो आरोप मागे घेणे हे गोखल्यांनी योग्यच केले. साक्षीदारांची नावे देऊन सुटका करून घेण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता, तो त्यांनी नाकारला हे तर धैर्याचे होते. पण सोजिरांची सरसकट क्षमा मागताना देवघरात शिरण्याच्या, सामान जाळण्याच्या, बायकांना रस्त्यावर उभे करण्याच्या ज्या तक्रारी अनेकांनी लेखी दिल्या होत्या, त्यांच्यावरही पाणी पडले. एक न टिकणारा आरोप मागे घेताना टिकणाऱ्या शंभर तक्रारी सोडून देण्याचे कारण नव्हते. गोखल्यांना याची खंत आयुष्यभर राहिली असावी. पुढच्या साथीत ते स्वयंसेवक म्हणून पुण्यात राबले, आणि त्यानंतरच्या त्यांच्या भाषणांत आकड्यावाचून आणि कागदावाचून विधान क्वचितच सापडते. कलकत्त्याच्या कायदेकौन्सिलात त्यांची अंदाजपत्रकावरची भाषणे सरकारला खोडता येत नसत, त्यामागची शिस्त १८९७च्या जुलैत लागली असे म्हणायला जागा आहे.

टिळकांकडे वळू. २७ जुलैच्या रात्री मुंबईत, गिरगावात दाजी आबाजी खरे यांच्या घरी त्यांना अटक झाली. आरोप एकच, कलम १२४ अ, राजद्रोह. खुनाचा, कटाचा, चिथावणीचा शब्द आरोपपत्रात नव्हता. सरकारपाशी तसा पुरावा असता तर तो वापरल्याशिवाय सरकार राहिले नसते, एवढे तरी गृहीत धरता येते. कोर्टाबाहेर मात्र प्रत्येक जण हा खटला रँडच्या खुनाशी जोडूनच वाचत होता.

जामिनाचा अर्ज आधी मॅजिस्ट्रेटने फेटाळला, मग हायकोर्टातही नामंजूर झाला. ४ ऑगस्टला, म्हणजे गोखल्यांची माफी प्रसिद्ध झाली त्याच दिवशी, तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे पुन्हा आला. टिळकांच्या बाजूने दिनशा दावर उभे होते. याच दावरांनी अकरा वर्षांनी न्यायाधीशाच्या खुर्चीवरून टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. तय्यबजींचा विचार सरळ होता. जामिनाचा हेतू आरोपी खटल्याला हजर राहावा एवढाच आहे. हा आरोपी पळून जाईल अशी भीती नाही. महिनाभर त्याला कोठडीत ठेवले तर बचावाची तयारी करता येणार नाही, आणि शेवटी तो निर्दोष ठरला तर त्या महिन्याची भरपाई कोण करणार? जामीन मंजूर झाला. शेठ द्वारकादास धरमसी जामीन राहिले. संपूर्ण शंभर दिवसांत अधिकारपदावरच्या एका माणसाने स्वतःला विचारले की आपल्याला अजून माहीत नसलेल्या गोष्टीवर आपण निर्णय देतो आहोत का, आणि त्या प्रश्नाला धरून वागला, असा हा एक ठळक प्रसंग. तय्यबजी काँग्रेसचे माजी अध्यक्ष. संशयाने भारलेल्या त्या वातावरणात त्यांना गप्प राहून अर्ज फेटाळणे सोपे गेले असते.

खटला ८ सप्टेंबरला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे सुरू झाला. बंगालने पैसे जमवले, कलकत्त्याहून बॅरिस्टर प्यू बचावासाठी आले. मजकूर मराठी होता, ज्यूरीपुढे वाचला गेला तो इंग्रजी अनुवाद. राजद्रोहाच्या कलमात ‘डिसअफेक्शन’ हा शब्द होता. त्याचा अर्थ सरकारबद्दल प्रेमाचा अभाव, असा स्ट्रॅचींनी ज्यूरीला समजावला. एवढ्या रुंद जाळ्यातून कोणताच टीकाकार सुटणार नव्हता. १४ सप्टेंबरला ज्यूरी फुटली. सहा जण दोषी म्हणाले, तिघे निर्दोष. सहाही युरोपीय होते, तिघेही हिंदी होते. शिक्षा दीड वर्षाची सक्तमजुरी. प्रिव्ही कौन्सिलकडे जाण्याची परवानगी मागण्यासाठी लंडनमध्ये अ‍ॅस्क्विथ उभे राहिले, तीही मिळाली नाही.

खुनी अजून सापडला नव्हता. शिक्षा सुनावल्यापासून दामोदरचा जबाब होईपर्यंत आणखी तीन आठवडे गेले.

त्याच लाटेत इतर पत्रेही सापडली. ‘पुणे वैभव’च्या संपादकांनी माफी मागून सुटका करून घेतली. सातारा जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ची कथा जास्त बोलकी आहे. या लहानशा पत्राच्या संपादकाला सेशन्स कोर्टाने जन्मठेप काळे पाणी सुनावले. अपील हायकोर्टात तिघा न्यायाधीशांपुढे आले, त्यांत महादेव गोविंद रानडे होते. दोषी ठरवणे कायम राहिले, पण शिक्षा कितीतरी खाली आणली गेली. जिल्ह्याच्या न्यायाधीशाने जन्मठेप दिली ती एका लेखाला, की पुण्यात झालेल्या खुनाला? निकालपत्रात तसे लिहिलेले नाही. पण जूनपूर्वी त्याच लेखाला त्याच न्यायाधीशाने तीच शिक्षा दिली असती, हे मानणे कठीण जाते.

मग धागा सापडला. गणेश शंकर द्रविड हा बनावट दस्तऐवजाच्या प्रकरणात येरवड्याला शिक्षा भोगत होता. तो आणि त्याचे भाऊ चापेकरांच्या आखाड्यातले होते. त्याने ब्रुइन यांना नावे सांगितली. दामोदर मुंबईत पकडला गेला आणि ८ ऑक्टोबरला त्याने सविस्तर जबाब दिला. चिंचवडच्या हरिभाऊ चापेकरांचा, एका कीर्तनकाराचा हा थोरला मुलगा. झडत्यांमध्ये देवांची विटंबना झाली म्हणून आपण हे केले, असे त्याने सांगितले. आदल्या वर्षी मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला डांबर फासून खेटरांची माळ घातली तीही आपणच, हे त्याने कबूल केले. सरकारला हवे असलेले नाव मात्र त्या कागदावर आले नाही. टिळकांनी, नातूंनी किंवा पुण्याच्या कोणा पुढाऱ्याने सांगितले म्हणून खून केला, असे दामोदर म्हणाला नाही.

इथे मराठी लेखकानेही सावध राहिले पाहिजे. दामोदर पुण्याच्या त्याच हवेत वाढला होता. शिवाजी उत्सव, गणेशोत्सव आणि त्यांतली मेळ्यांची गाणी त्याच्या कानांवर पडत होती. टिळकांना आधी काही माहीत होते, नंतर त्यांनी दामोदरचा भाऊ बाळकृष्ण याला मदत केली, अशा आठवणी पुढे अनेकांनी सांगितल्या. स्वातंत्र्य मिळाल्यावर अशा आठवणी अभिमानाने सांगितल्या गेल्या. १८९७मध्ये इंग्रजांनी जे पुराव्याशिवाय आरोप म्हणून मांडले, तेच पुढे काही भक्तांनी पुराव्याशिवाय गौरव म्हणून मांडले. इतिहासकाराला दोन्हींकडे एकाच कसोटीने पाहावे लागते. कोर्टात टिकेल असा संबंध कोणी दाखवला का? नाही. मनोमन सहानुभूती होती का? तुरुंगात टिळकांनी दामोदरला त्याचा अर्ज लिहून दिला आणि आपली गीता दिली, असे त्यांची चरित्रे सांगतात. त्यावरून माणुसकी सिद्ध होते, कट सिद्ध होत नाही.

१८ एप्रिल १८९८ला दामोदरला येरवड्यात फाशी दिली. बाळकृष्ण निजामाच्या मुलखात लपला होता, तोही पुढे सापडला. ८ फेब्रुवारी १८९९च्या रात्री धाकटा भाऊ वासुदेव आणि त्याचा मित्र महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना, साहेबांनी बोलावले आहे असे सांगून घराबाहेर काढले आणि गोळ्या घातल्या. त्या मे महिन्यात अवघ्या चार-पाच दिवसांत वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण फासावर गेले. दामोदर धरून एका आईचे तीन मुलगे.

खुनी सापडले, खटले झाले, शिक्षा झाल्या. मग जुलै-ऑगस्टमध्ये घाईने केलेल्या गोष्टी मागे घेतल्या गेल्या का? मॅक्स म्यूलरसारख्यांच्या विनंतीमुळे टिळक ६ सप्टेंबर १८९८ला, मुदतीआधी सहा महिने सुटले, पण राजद्रोहाचा निकाल तसाच राहिला. स्ट्रॅचींनी कलमाचा जो अर्थ केला तो चुकीचा होता असे म्हणण्याऐवजी १८९८मध्ये कायदाच बदलून तो अर्थ कलमात लिहून टाकला. बेइमानी आणि सर्व प्रकारची शत्रुत्वाची भावना म्हणजे ‘डिसअफेक्शन’ असे स्पष्टीकरण जोडले. त्याच कायद्याने दंडसंहितेत १५३ अ हे नवे कलम आले. पुण्याच्या एका पावसाळ्यातल्या भीतीची ती कायमची नोंद झाली आणि पुढे संपादकांच्या कित्येक पिढ्यांना तिने छळले.

कटाची कहाणीही मिटली नाही. लंडन टाइम्सचे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१०मध्ये ‘इंडियन अनरेस्ट’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि हिंदुस्थानातल्या असंतोषाचा उगम टिळकांपाशी आणून ठेवला. रँडच्या खुनाशी टिळकांचा संबंध जोडणारी वाक्ये त्यात होती. १९१८मध्ये रौलट समितीने आपला अहवाल सुरू केला तोही चापेकरांपासूनच. सहा वर्षांची ती शिक्षा भोगून मंडालेहून सुटल्यावर टिळकांनी चिरोल यांच्यावर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. जानेवारी १९१९मध्ये न्यायमूर्ती डार्लिंग यांच्यापुढे तो उभा राहिला. टिळकांकडून सर जॉन सायमन होते, चिरोल यांच्याकडून एडवर्ड कार्सन. कार्सन यांनी बावीस वर्षांपूर्वीचे ‘केसरी’चे अंक बाहेर काढले आणि लंडनच्या ज्यूरीपुढे वाचले. सुनावणी फेब्रुवारीपर्यंत चालली. २१ फेब्रुवारीला ज्यूरीने चिरोल यांच्या बाजूने निकाल दिला. दोन्ही बाजूंचा खर्च टिळकांवर पडला. तो सुमारे तीन लाख रुपयांच्या घरात गेला आणि महाराष्ट्रातल्या लोकांनी वर्गणी काढून तो फेडला.